बालेवाडीच्या टेनिस स्पर्धेचा सत्तावीस पर्वांचा इतिहास

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुण्यातील महाराष्ट्र ओपन या बंद पडलेल्या टेनिस स्पर्धेचा उल्लेख आपल्या क्रीडा पानावर नुकताच ‘पाच वेळा झालेली स्पर्धा’ असा वाचनात आला. पुण्यापुरते ते बरोबर आहे. स्पर्धेचे वय मात्र त्याहून बरेच मोठे होते. एटीपी या पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस दौऱ्यातील ही स्पर्धा १९९६ मध्ये दिल्लीत सुरू झाली आणि स्वीडनच्या थॉमस एन्क्विस्टने ती जिंकली. पुढच्याच वर्षी ती चेन्नईला गेली, नुंगमबाक्कमच्या स्टेडियमवर २०१७ पर्यंत सलग २१ वर्षे नांदली आणि २०१८ मध्ये बालेवाडीला आली. करोनामुळे २०२१ चे वर्ष हुकले. जानेवारी २०२३ मध्ये नेदरलँड्सच्या टॅलन ग्रीकस्पूरने मिळवलेले विजेतेपद शेवटचे ठरले. दिल्लीचे एक, चेन्नईची २१ आणि पुण्याची पाच अशी ही २७ पर्वे होतात.

चेन्नईचा काळ वगळला तर या इतिहासात फारसे काही उरत नाही. लिअँडर पेस आणि महेश भूपती यांनी दुहेरीचे विजेतेपद तिथेच १९९७ पासून सलग तीन वर्षे मिळवले. कार्लोस मोयाने २००४ आणि २००५ मध्ये, तर स्टॅन वावरिंकाने एकूण चार वेळा ही स्पर्धा जिंकली. २००८ मध्ये राफाएल नदालने उपांत्य फेरीत मोयाला जवळपास चार तास झुंजून हरवले आणि दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात मिखाईल यूझनीकडून तो ६-०, ६-१ असा हरला. दमलेला नदाल कसा दिसतो हे भारतीय प्रेक्षकांनी त्या दिवशी पाहिले. २००९ मध्ये सोमदेव देववर्मनने अंतिम फेरी गाठली, तेव्हा मारिन चिलिचने त्याला रोखले.

पुण्यातील २०१९ ची अंतिम लढत पाहण्यासाठी मी नाशिकहून पहाटेच्या एसटीने गेलो होतो. केव्हिन अँडरसन आणि चाळिशीला टेकलेला इव्हो कार्लोविच यांच्यात तिन्ही सेट टायब्रेकवर, म्हणजे ६-६ अशा बरोबरीनंतरच्या निर्णायक गेमवर, गेले. सर्व्हिसच्या त्या माऱ्यापुढे लांबलचक रॅली क्वचितच पाहायला मिळाल्या, तरी परतीच्या प्रवासात मला त्याची खंत वाटली नाही.

स्पर्धा का गेली, याचे उत्तर तिच्या रचनेत आहे. अशा स्पर्धेचा परवाना, म्हणजे एटीपीच्या वेळापत्रकातील ठरलेला आठवडा, ही एक मालमत्ता असते. यजमान शहर बदलता येते. पैसा आणि प्रायोजक जिथे मिळतील तिथे आठवडा जातो. चेन्नईहून पुण्याला ती याच वाटेने आली, हे आपण त्या वेळी आनंदाच्या भरात विसरलो. २०२४ मध्ये जानेवारीच्या त्याच सुरुवातीच्या दिवसांत हाँगकाँगची स्पर्धा खेळली गेली. ऑस्ट्रेलियन ओपनच्या तोंडावर बडे खेळाडू ब्रिस्बेन किंवा त्या काळी जानेवारीतच होणाऱ्या दोहाच्या स्पर्धेकडे वळत, ही अडचण तर चेन्नईलाही होतीच.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नव्हता. मुंबईत २००६ आणि २००७ मध्ये झालेली दुसरी एक एटीपी स्पर्धा २००८ मध्ये बंगळुरूला व्हायची होती, ती सुरक्षेच्या कारणावरून रद्दच झाली. त्याच्या कितीतरी आधी, १९७३ मध्ये दिल्लीत विजय अमृतराज यांनी जिंकलेली ग्रँड प्रिक्स या त्या काळच्या व्यावसायिक टेनिस मालिकेतील इंडियन ओपनही दिल्ली, मुंबई, कोलकाता अशी शहरोशहरी फिरत राहिली आणि पुढे संपली. प्रत्येक शहराने आपापल्या वर्षांची आठवण ठेवली आणि सलग इतिहास कोणीच लिहिला नाही. बालेवाडीच्या बाबतीत पुन्हा तेच घडू लागले आहे.

म्हणून विनंती अशी, की येत्या जानेवारीत आपल्या क्रीडा पानावर दिल्लीच्या एन्क्विस्टपासून पुण्याच्या ग्रीकस्पूरपर्यंत सर्व २७ एकेरी विजेत्यांची यादी शहर आणि वर्षासह एकदा छापावी. अर्धा रकाना पुरेल.

आपला,
एक टेनिसप्रेमी वाचक
गंगापूर रोड, नाशिक