लॅपटॉप आले, सॉकेट कुठे?

संपादक महोदय,

आमच्या सातवीच्या वर्गाला लॅपटॉप दान मिळाले, फोटोही छापून आले. पण वर्गात चालू सॉकेट एकच. दुपारी वीज जाते, म्हणून परिपाठाआधी मी ते आळीपाळीने चार्जिंगला लावते. हजेरी क्रमांकाची चिठ्ठी लॅपटॉपवर आहे तशी चार्जरवरही, कारण हरवतो तो चार्जरच! बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड नेटशिवाय निरुपयोगी. ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक ॲपवरचे व्हिडिओ मी घरूनच फोनमध्ये उतरवून आणते. मुले मात्र मराठी टायपिंगवर खूश. ‘ज्ञ’ कुठल्या कळांनी उमटतो यावर वाद घालतात. देणगीदारांनी सोबत वायरिंग आणि कुलूपबंद कपाटाचा खर्चही उचलावा. स्मार्ट टीव्ही पुढच्या वर्षी आला तरी चालेल.

– एक शिक्षिका, ता. पाटण, जि. सातारा