विहिरीचे कार्ड हिरवे, पण तपासले काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत इटलीतल्या एका बंद पडलेल्या कारखान्याची यंत्रसामग्री आणल्यावरून बरीच चर्चा सुरू आहे. ती बहुतेक वेळा 'कारखाना हवा की नको' यावर येऊन थांबते. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झालेला माणूस आहे. मला त्याच्या आधीचा प्रश्न पडतो. वसाहतीभोवतीच्या गावांतल्या विहिरींत आज काय आहे, हे कुणी मोजून ठेवले आहे का?

इटलीतली हकीकत थोडक्यात सांगतो. मितेनी नावाचा हा कारखाना विचेन्झा प्रांतातल्या त्रिस्सिनो गावचा. तिथे १९६०च्या दशकापासून फ्लोरिनयुक्त रसायने बनत होती. पीफास नावाने आता ओळखले जाणारे हे रसायनांचे कुळ हजारोंच्या घरात आहे. न चिकटणारे तवे, डाग न धरणारे कापड, आग विझवायचा फेस अशा अनेक गोष्टींत ते असते. त्यातला कार्बन-फ्लोरिन बंध इतका पक्का की ऊन, पाऊस, जमिनीतले जिवाणू यांना तो जुमानत नाही. २०१३ मध्ये तिथल्या पर्यावरण मंत्रालयासाठी झालेल्या अभ्यासातून भूजल दूषित असल्याचे उघड झाले. विचेन्झा, व्हेरोना आणि पादोव्हा या तीन प्रांतांतल्या सुमारे साडेतीन लाख लोकांपर्यंत हे प्रदूषण पोचले होते. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि जून २०२५ मध्ये विचेन्झाच्या न्यायालयाने ती कंपनी आणि तिच्या मालक कंपन्यांच्या ११ माजी अधिकाऱ्यांना तुरुंगवासाची शिक्षा सुनावली.

या सगळ्यात मला शिक्षेपेक्षा मधली वर्षे महत्त्वाची वाटतात. कारखाना सुरू झाल्यापासून २०१३ पर्यंत जवळजवळ पन्नास वर्षे गेली. तिथले नळाचे पाणी त्या काळात तपासले जात नव्हते असे नाही. पण ज्या रसायनाला रंग नाही, वास नाही, चव नाही आणि ज्याचे नावही तपासणीच्या यादीत नाही, ते अहवालात येणार कसे?

आपल्याकडे काय होते ते पाहा. गावात जलसुरक्षक असतो. तो टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी क्लोरिनची पावडर, टाकतो, ओटी चाचणी करून नळाच्या पाण्यात क्लोरिन उरला आहे की नाही ते पाहतो. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या महिलांना तपासणी संच दिले गेले. सामू (पीएच), गढूळपणा, कठीणपणा, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट, लोह एवढे त्यावर कळते. पाण्याच्या स्रोताभोवतीची स्वच्छता पाहून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. ही व्यवस्था मी आतून पाहिली आहे आणि तिला नावे ठेवणार नाही. कावीळ, गॅस्ट्रो यांच्या साथी आटोक्यात ठेवण्यात तिचा मोठा वाटा आहे. पण ती उभी राहिली जिवाणूंसाठी आणि जुन्या, ओळखीच्या क्षारांसाठी. हिरवे कार्ड म्हणजे पाण्यात काहीच नाही, असा अर्थ गावकरी घेतात. अधिकारीही घेतात, हे जास्त वाईट.

पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक आयएस १०५०० हे २०१२ चे. त्यात पीफासला मर्यादाच नाही. कीटकनाशकांची यादी आहे, पण ती त्या काळची: डीडीटी, एन्डोसल्फान, मोनोक्रोटोफॉस, फोरेट वगैरे. आज सर्रास वापरले जाणारे इमिडाक्लोप्रिड त्यात नाही आणि ग्लायफोसेट हे तणनाशकही नाही. आमच्या कोकणापुरते बोलायचे तर हापूसला नियमित मोहोर यावा म्हणून कलमाच्या बुंध्याभोवती पॅक्लोब्युट्राझोल, म्हणजे बागायतदार ज्याला 'कल्टार' म्हणतात ते, भर पावसाळ्यात मातीत ओतले जाते. वर्षानुवर्षे, हजारो कलमांना. ते मातीत बराच काळ टिकते हे बागायतदारांनाही ठाऊक आहे. खालच्या वाडीच्या विहिरीत उतरते की नाही, हे मात्र नेहमीच्या तपासणीत कळूच शकत नाही. कदाचित उतरत नसेल. पण आमच्या सड्यांवरचा, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळ पठारांवरचा, जांभा भोकाभोकांचा, पावसाचे पाणी तो भराभर पितो आणि तेच पाणी सड्याच्या कडेला झऱ्यांतून बाहेर पडते. खाली बेसाल्टच्या भेगा. पाणी कोणत्या भेगेने कुठे जाईल याचा नेम नाही. एक विहीर चांगली निघाली म्हणून शेजारची चांगली धरता येत नाही.

आपल्या देशात हे आधी घडलेले आहे. हैदराबादजवळच्या पाटणचेरू भागात औषध कारखान्यांचे सांडपाणी एकत्र प्रक्रिया करून सोडले जाई. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या प्रक्रिया केलेल्या पाण्यात सिप्रोफ्लोक्सासिन हे प्रतिजैविक लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडले. दोन वर्षांनी त्याच भागातल्या विहिरींतही औषधांचे अंश असल्याचे प्रसिद्ध झाले. पुढे जानेवारी २०२० मध्ये केंद्राने कारखान्यांच्या सांडपाण्यातल्या प्रतिजैविकांवर मर्यादा घालणारा मसुदा काढला. २०२१ मध्ये अंतिम अधिसूचना आली तेव्हा त्या मर्यादा गायब होत्या. तेव्हा 'सर्व नियमांचे पालन होत आहे' असे कुणी म्हटले, तर ते खरेही असू शकते. नियमच नसेल तर पाळायला अवघड काय?

मानक बदलायला दिल्लीत किती वर्षे लागतील, मला माहीत नाही. पण मर्यादा ठरलेली नसतानाही मोजणी करता येते. अमेरिकेत दर पाच वर्षांनी मर्यादा नसलेल्या जास्तीत जास्त ३० घटकांची यादी काढून सार्वजनिक पाणीपुरवठ्यात त्यांचा शोध घेतात. २०२३ ते २०२५ च्या फेरीत २९ पीफास आणि लिथियम होते. युरोपीय संघातही पिण्याच्या पाण्यासाठी अशी निगराणी यादी आहे. आधी शोधायचे, आकडे जमले की मर्यादा ठरवायची. आपण उलटे चालतो: मर्यादा नाही म्हणून तपासणी नाही, तपासणी नाही म्हणून आकडे नाहीत आणि आकडे नाहीत म्हणून मर्यादेची गरज कुणाला वाटत नाही.

हे काम महाराष्ट्रात करायचे तर यंत्रणा नव्याने उभारावी लागणार नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी राज्यभर आहेत, त्यांची पातळी वर्षातून चार वेळा मोजली जाते, माणसे तिथे जातातच. सगळ्या विहिरींत सगळे शोधा, असे मी म्हणत नाही. तेवढा पैसा कुणाकडेच नाही. रासायनिक वसाहतींचा उतार, मोठ्या शहरांच्या कचराडेपोंभोवतीचा परिसर, आग विझवण्याच्या फेसाचा सराव होतो अशा जागा आणि फळबागांचे पट्टे, एवढ्यापासून सुरुवात करा. लोट्याच्या बाबतीत सड्यावरच्या बोअर, पायथ्याचे झरे आणि सांडपाण्याची वाहिनी जिथे जाते त्या खाडीकाठच्या विहिरी, सगळ्यांचे नमुने हवेत. उन्हाळ्यात एकदा, पाऊस संपल्यावर एकदा.

यात कौशल्याचा भाग आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. पीफास मोजायचे ते लिटरमागे नॅनोग्रॅममध्ये. अमेरिकेने २०२४ मध्ये पीएफओए आणि पीएफओएस या पीफासमधल्या दोन घटकांची मर्यादा प्रत्येकी चार नॅनोग्रॅम ठेवली. त्यासाठी इतके सूक्ष्म अंश वेगळे करून ओळखणारे एलसी-एमएस यंत्र लागते आणि नमुना घेणारा माणूसही शिकवावा लागतो. टेफ्लॉनची चकती असलेले बूच चालत नाही, कारण टेफ्लॉन याच कुळातले. जलरोधक थर दिलेला रेनकोट घालून बाटली भरली तर विहिरीऐवजी रेनकोटातलेच रसायन मोजले जायची भीती. कोकणात जुलैमध्ये रेनकोटाशिवाय नमुना घेणाऱ्याची मला काळजी वाटते, पण हे असेच आहे. प्रत्येक जिल्ह्यात हे यंत्र नको. राज्यात एक-दोन चांगल्या प्रयोगशाळा पुरतील. आणि या वर्षी तपासणीला पैसे नसतील तर निदान नमुने घेऊन गोठवून ठेवा. पीफास कुठे जात नाही. पुढे वाद कोर्टात गेला, तर 'हे आधीपासूनच होते' या युक्तिवादाला उत्तर त्या बाटल्याच देतील.

'आकडे जाहीर केले तर घबराट पसरेल' हे वाक्य मी नोकरीत असताना अनेक बैठकांत ऐकले. घबराट अफवांनी पसरते. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आकडा आणि त्याचा अर्थ लिहिलेला असेल, तर लोक उपाय विचारतात. उपाय आहेतही, पण ते महाग आहेत. टीसीएलने पीफास जात नाही. उकळून तर पाणी आटते आणि ते तसेच राहते. इटलीतले ते तिन्ही प्रांत ज्यात येतात त्या व्हेनेतो विभागात जलशुद्धीकरण केंद्रांवर सक्रिय कार्बनच्या गाळण्या बसवाव्या लागल्या आणि पुढे दुसरीकडून स्वच्छ पाणी आणण्याच्या वाहिन्या टाकाव्या लागल्या. घरगुती आरओने बरेचसे निघते, पण टाकाऊ पाणी पुन्हा परसातच मुरते. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये टँकर लागणाऱ्या वाड्यांना 'दुसरी विहीर वापरा' असे सांगायला दुसरी विहीर तरी हवी ना!

आपल्या वार्ताहरांना एक विनंती आहे. भूजल यंत्रणा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ या दोघांनाही त्यांनी लेखी विचारावे: लोटे परशुराम वसाहतीभोवतीच्या विहिरी, बोअर आणि झरे यांचा पीफाससाठी तपासलेला एक तरी अहवाल तुमच्याकडे आहे का, असल्यास तारखेसह द्या, नसल्यास पहिला नमुना कधी घेणार ते सांगा. जे उत्तर येईल ते जसेच्या तसे छापावे. उत्तर आले नाही, तर तेही छापावे.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा कर्मचारी, चिपळूण