पाठपोट

धंतोली, नागपूर
२० मे

मित्रवर्या,

महिनाभर सरांच्या घरी काय उकरतोयस, असं तू विचारलंस. फोनवर सांगण्यातली गोष्ट नव्हती, म्हणून लिहायला बसलो. अक्षर वाकडं आलं तर दोष कुलरचा. तो समोर ठेवला की कागद उडतो, बंद केला की माझा घाम कागदावर.

घर पुढच्या महिन्यात बिल्डरकडे जातंय. सर आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आपल्या बाई, यांचे कागद एका संग्रहाला द्यायचं त्यांच्या मुलीने, ताईने ठरवलं. सहा ट्रंका, एक कपाट आणि माळ्यावरची ती पोती, ज्यांना हात लावला म्हणून बाई आपल्यावर ओरडल्या होत्या. निवृत्त, रिकामा आणि सरांचा विद्यार्थी असा गावात मी एकटाच सापडलो.

आणि आल्या आल्या घोळ घातला. बँकेतली सवय जाते थोडीच! दोन खाती उघडली, 'सर' आणि 'बाई'. तीन दिवस खपून दोन टापटीप ढीग लावले, लोखंडी टाचण्या उपसल्या, फाटलेल्या जागी चिकटपट्टीही लावली. संग्रहाच्या मॅडम आल्या, ढिगांकडे बघून खुर्चीत बसल्याच. "काका, कुठला कागद कशात खोचला होता, हे आता कोण सांगणार?" त्यांच्याकडे मूळ क्रम मोडणं म्हणजे अर्धा मजकूर पुसणं. टाचण्या काढलेल्या चालतात, गंजून कागद खातातच त्या. पण काढल्यावर ती पानं एका घडीत एकत्र ठेवायची. चिकटपट्टी तर नकोच, तिचा चिकटा कागदात मुरतो. वर्तमानपत्रांची कात्रणं वेगळी, नाहीतर त्यांतलं आम्ल शेजारच्या पत्राला पिवळं करतं. निशाणी शिसपेन्सिलीने. मी खाली मान घालून ऐकून घेतलं.

पण माझे ढीग खरे फसले ते वेगळ्याच कारणाने. १ नोव्हेंबर १९५६ला नागपूर मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलं, राजधानीपण गेलं, आणि जुन्या सरकारचे छापील फॉर्म रद्दीत निघाले. सरांनी ते गठ्ठ्यांनी आणले असावेत, कारण दोघंही वर्षानुवर्षं त्यांच्याच कोऱ्या पाठीवर लिहीत. ते संपल्यावर एकमेकांच्या खर्ड्यांवर. पोटावर सरांचं भाषण, पाठीवर बाईंची कथा. सांग, हा कागद कुठल्या खात्यात घालू?

एक पान तर मी चार दिवस टेबलावरून हलवलं नाही. पुढच्या बाजूला सरांचं हुंड्याविरुद्धचं भाषण, तेच, गळ्याच्या शिरा ताणून म्हणायचे ते. मागे बाईंच्या कथेचं शेवटचं पान. समासात दुधाचा हिशेब. त्याखाली सरांची लाल पेन्सिल: 'शेवट घाईत उरकलास.' आणि त्याखाली बाईंचं बारीक, सरळ अक्षर: 'कुकरची शिट्टी झाली होती. तुम्ही उठला असतात तर शेवट बरा झाला असता.'

मी मोठ्याने हसलो. मग पान उलटून भाषण पुन्हा वाचलं, आणि हसू जरा आवरलं. लक्षात घे, १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली, ३० दिवसांची नोटीस लावून, दोन्ही घरांचा रोष पत्करून लग्न केलेली ही माणसं. सरांचं धाडस खोटं नव्हतंच. पण चहा मागताना ते कधी उठलेले तुला आठवतात? मला नाही आठवत.

ताई म्हणते, असली पानं काढून टाक, लोक हसतील. मी तिला कवी अनिल आणि त्यांच्या पत्नी, लेखिका कुसुमावती देशपांडे, यांचं सांगितलं. आपल्याच नागपूरचं जोडपं. ते १९५८ला मालवणच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, त्या १९६१ला ग्वाल्हेरच्या, आणि अध्यक्षपदावरच्या पहिल्या स्त्री. त्यांची लग्नाआधीची पत्रं 'कुसुमानिल' म्हणून छापून आलीच की, कोण हसलं? ताई म्हणाली, "ती प्रेमपत्रं होती, काका. ही भांडणं आहेत." यावर मला काही सुचेना. शेवटी तोडगा मॅडमनीच काढला: खासगी गठ्ठा मोहोरबंद द्यायचा, ताई सांगेल तितकी वर्षं कुणी उघडायचा नाही. ताई तयार झाली. पण ते कुकरचं पान मी त्यात घातलेलं नाही. ते उघड्या गठ्ठ्यात आहे, आणि तिला सांगूनच.

आता तुझं काम. सर तुला हैदराबादला पत्रं लिहायचे, किमान पंधरा-वीस असतील. तुझी उत्तरं इथे आहेत (काय भयंकर कविता पाठवायचास रे!), पण सरांची पत्रं तुझ्याकडे. कागद तुझ्या मालकीचा, मजकुराचा हक्क ताईचा, आणि तिची हरकत नाही. अंतर्देशीय पत्रं आहे त्याच घडीत पाठव, क्रम लावू नकोस, कशावर काही लिहू नकोस. आणि पाठीमागे बघ. बाईंनी खाली दोन ओळी जोडलेल्या असायच्या, बहुतेक सरांना न दाखवता.

संग्रहाची गाडी पुढच्या मंगळवारी येतेय. त्याआधी पत्रं पोचली तर बरं.

तुझाच,
मागच्या बाकावरचा