काका, तो रुपया माझ्याकडेच आहे

ती. काकांस,
शि. सा. नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, नाहीतर चहा टाकायला उठता. म्हणून हे चार लोकांसमोर लिहितोय. घर आवरून तुम्ही मुलीकडे ॲरिझोनाला निघालात, आता लिहिलं नाही तर राहूनच जाईल.

आठवतंय ना, इथल्या मोंटानातल्या बोझमनमधला गणपती? आरती नुकतीच झाली होती, आणि मी तुम्हाला कोपऱ्यात गाठून विचारलं, "लांबून हरीण मारायला शिकायचंय. .३०० विन मॅग रायफल घेऊ का?" तोंडातला मोदक गिळायच्या आधीच तुम्ही म्हणालात, "हरीण मारायचं आहे का रणगाडा, बे?" इथल्या बुट गावी खाणकाम शिकायला येऊन इतकी वर्षं झाली, पण तुमची चंद्रपूरची बोली तशीच.

माझं बंदुकीचं ज्ञान म्हणजे सिंधुदुर्गातल्या घरी माळ्यावर पडलेली आजोबांची ठासणीची. शेती संरक्षणाच्या परवान्यावरची. तिचा बार मी कधी ऐकला नाही. १९७२चा वन्यजीव कायदा आला, त्यानंतर शिकार म्हणजे म्हाताऱ्यांच्या गप्पा. बाकी सगळं व्हिडिओंमधून शिकलेलं, जिथे प्रत्येक जण हजार यार्डांवर सहज लोखंडी पाटी वाजवतो.

तुम्ही वाद घातला नाहीत. मित्राची .३०० विन मॅग मागून आणलीत आणि मला रेंजवर नेलंत. पहिल्या दोन गोळ्यांनी खांदा सोलवटला, शिवाय रायफलवरच्या दुर्बिणीने भुवईवर चंद्रकोर काढली. तिसऱ्या वेळी चाप ओढला तर नुसताच 'टक' आवाज, आणि नळी मात्र वीतभर खाली गेलेली. तुम्ही मला न सांगता आत खोटं काडतूस भरलं होतंत. बार उडालाच नव्हता, तरी मी दचकून मोकळा. "ही रायफल तुला घाबरवते," एवढंच म्हणालात. त्या दिवशी माझे बरेच डॉलर वाचले.

मग ६.५ क्रीडमोर काडतुसाची रायफल घेतली, वापरलेली. तुमची स्वतःची .२७०, म्हणजे १९२५ सालातलं काडतूस, तरी २००७ सालच्या या नव्या पोराला तुम्ही नावं ठेवली नाहीत. धक्का .३००च्या निम्मा, गोळी लांब आणि सडपातळ, वाऱ्याला कमी बधणारी. हरणाला तेवढं पुरतं. उरलेले पैसे चांगल्या दुर्बिणीला आणि काडतुसांना घालायला लावलेत. लेझरच्या कंपनीत दिवसभर काचांशी खेळणाऱ्या मला काचेचं महत्त्व तुमच्याकडून ऐकावं लागलं, हे ऑफिसात अजून कुणाला सांगितलेलं नाही. आणि रायफलचा खांद्याला टेकणारा दस्ता! माझी उंची पाच फूट पाच, त्यावर नोव्हेंबरचं जाड जाकीट. तुम्ही मला जाकीट घालून उभं केलंत, ऐन जूनमध्ये, आणि गॅरेजमध्ये दस्त्यातून पाऊण इंच कापलात. घाम पुसत मी उभा आणि तुम्ही शिंप्यासारखे तोंडात पेन्सिल धरून.

पुढचे दोन महिने खरी गोळी जवळजवळ नाहीच. रिकामी रायफल, तीन वेळा तपासलेली, नळीच्या टोकाशी तुमचा जुना एक रुपयाचा शिक्का. चाप सुटला तरी शिक्का पडता कामा नये. पहिल्या आठवड्यात तो माझ्या बायकोने सोफ्याखालून इतक्यांदा काढून दिला की शेवटी तीच म्हणाली, "तू श्वास कोंडून धरतोस, म्हणून पडतो." तिचं बरोबर होतं. शिकारीच्या शिक्षणवर्गातही मी दहा-बारा वर्षांच्या पोरांमध्ये बसलो. मोंटानात १ जानेवारी १९८५ नंतर जन्मलेल्यांना तो केल्याशिवाय सहसा परवाना मिळत नाही. परीक्षेत पुढच्या बाकावरच्या मुलीला माझ्याहून जास्त मार्क पडले, हे तुम्ही अजून सगळ्यांना सांगता.

मग आली तुमची वही आणि तो 'आकडा'. टेबलावर रायफल टेकवून नेम धरणं तुम्हाला मंजूर नव्हतं. टेकडी चढून यायचं, छाती धडधडत असताना पाठपिशवीवर नळी टेकवायची आणि कागदी ताटलीवर एकच गोळी. थंड नळीतली पहिली. दुसरी त्या दिवशी मोजायचीच नाही. असे दहा दिवस, दहा ताटल्या. नऊ लागल्या तर ते अंतर तुझं. पहिल्या उन्हाळ्यात माझा आकडा १८० यार्ड होता. मला लाज वाटली होती, तुम्ही वहीत तारखेसकट लिहून ठेवलंत.

गोळी किती खाली येते ते तोंडपाठ व्हायला वेळ लागला नाही. दोनशेला नेम बसवला की तीनशेला सात-साडेसात इंच, चारशेला एकवीसेक. ते गणित आहे, चुकत नाही. वारा चुकतो.

तुम्ही आभारांत ज्या दिवसाचं नाव काढू देणार नाही, तो लिहितोच. माझ्या शिकारीचा दुसरा नोव्हेंबर, माइल्स सिटीच्या दक्षिणेला. वहीत माझा आकडा २८० होता. नर उभा होता ३९० वर, आडवा, खेचरासारखे कान हलवत. तुम्ही मागच्या घळीत होता, मी एकटा. मी पडलो होतो त्या आडोशाला गवत हलत नव्हतं. मधल्या दरीत वारा वाहतोय हे बघायला मी दुर्बीण फिरवलीच नाही. अर्धा सेकंद लागतो गोळीला तिथवर. लागली, पण पोटात.

तुम्ही वर आलात, माझं तोंड बघितलंत आणि थर्मास उघडलात. "आता बसायचं." लगेच मागे लागलो तर ते मैलभर पळेल, म्हणून सकाळी नऊपासून एकपर्यंत आपण दगडाआड बसलो. तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. मग रक्ताचा एक थेंब, पुढे वीस पावलांवर दुसरा, मध्ये गुडघ्यावर बसून चिमटीत उचललेले चार केस, पोटाकडचे, पांढरट. जुनिपरच्या झुडपात ते बसलेलं होतं. मान वर होती. वीस पावलांवरून मी ती गोष्ट संपवली. संध्याकाळी गाडीत तुम्ही वही माझ्याकडे दिलीत आणि मी माझ्या हाताने लिहिलं: '३९०. वारा पाहिला नाही.'

ते चार तास तुम्ही घरी जाऊ शकला असता. गुडघे तेव्हाही दुखतच होते.

गेल्या वर्षी आकडा ३३० झाला. आणि नर दिसला तो ४५० वर. मी दोन तास घळीतून सरपटत गेलो, तळहातात निवडुंगाचे काटे मोडून घेतले आणि २१० वर बार काढला. जागेवर बसला. फोन केला तेव्हा तुम्ही आधी विचारलंत, "वारा?" मग, "काटे काढलेस का?"

शनिवारी डबा घेऊन येतोय. मागच्या पायाचं मटण, आमच्याकडचं भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप घालून. तुम्हाला सावजीच हवं असेल तर तेही करीन, भांडू नका. बांधाबांधीत ती वही कचऱ्यात टाकू नका, मला हवी आहे. रुपया मात्र परत मागू नका, मिळणार नाही.

तुमचा,
१८० यार्डवाला