आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: आमच्या केंद्रातून नेलेली उत्तरे परत येऊ द्या

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

महोदय,
सविनय नमस्कार.

मी औषध निर्माण अधिकारी होतो. कोकणातल्या दोन प्राथमिक आरोग्य केंद्रांत मिळून एकतीस वर्षे नोकरी केली आणि गेल्या मे महिन्यात निवृत्त झालो. नोकरीत असताना जे लिहिता आले नाही, ते आता लिहितो आहे.

आमच्या केंद्रावर दर वर्षी दोन-तीन तरी विद्यार्थी यायचे. कुणी एमडीचा प्रबंध करणारा, कुणी फार्मसीचा, कुणी एमबीएचा, कुणी समाजकार्याचा. कॉलेजचे पत्र आणि प्रश्नावलीच्या झेरॉक्स घेऊन यायचे. आम्ही त्यांना बसायला जागा करून द्यायचो, रजिस्टरे काढून द्यायचो, आशाताई त्यांना वाडी-वाडीतून फिरवून आणायच्या. पोरे मनापासून काम करायची, भर उन्हात तंगडतोड करून माहिती गोळा करायची. माहिती घेऊन गेली की विषय संपला. एकतीस वर्षांत त्यातला एकही निष्कर्ष आमच्याकडे परत आला नाही. मुलांना मी दोष देत नाही. परत येऊन सांगा, असे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

यात कुणाचे काय बिघडते, हे एका रात्रीच्या अनुभवावरून सांगतो.

ऑक्टोबर होता, भातकापणीचे दिवस. रात्री आठच्या सुमाराला आठ-नऊ वर्षांच्या एका मुलाला आणले. भारा उचलताना विंचू डसला होता. सदरा घामाने पिळून काढावा असा, हातपाय बर्फासारखे गार, तोंडातून लाळ, दोन उलट्या झालेल्या. लाल विंचू, हे कुणी वेगळे सांगायची गरज नव्हती. डॉक्टर मॅडमनी प्राझोसिन मागितले आणि माझ्या बिन कार्डावर, म्हणजे औषधाच्या साठ्याच्या नोंदपत्रावर, शिल्लक शून्य. दोन इंडेंट (मागणीपत्रे) पाठवले होते, दोन्ही वेळा बाकी सगळे आले, हीच गोळी आली नाही. शिपायाला मोटरसायकलवरून बाजारात पिटाळले. तो पट्टी घेऊन आला, पण ती हळूहळू विरघळणारी, रक्तदाबाच्या रोजच्या रुग्णांना देतात ती. विंचवाच्या विषाला ती चालत नाही, साधी एक मिलिग्रॅमची लागते. पुन्हा गाडी काढली, दुसऱ्या दुकानदाराला घरून उठवून दुकान उघडायला लावले. गोळीचा वजनाप्रमाणे तुकडा मुलाच्या पोटात गेला तेव्हा साडेनऊ वाजले होते. पहाटे त्याचे तळहात गरम लागले आणि त्याच्या आजीने माझा हात घट्ट धरून ठेवला. तो हात मला अजून आठवतो, कारण त्या क्षणी मला तिच्याकडे बघवत नव्हते.

महोदय, ही गोळी विंचूदंशावर चालते हे जगाला कळले ते आपल्याच महाडमधून. डॉ. हिंमतराव बावस्कर सत्तरच्या दशकात त्या भागात सरकारी नोकरीत आले, तेव्हा विंचू चावलेली धडधाकट माणसे आणि मुले फुप्फुसात पाणी साठून डोळ्यांदेखत दगावत. त्यांनी रुग्णाच्या उशाशी रात्र-रात्र बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारठा तासातासाने टिपून ठेवला. विषामुळे शरीरातलीच उत्तेजक द्रव्ये उसळतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदय थकते, हे त्या नोंदींतून उलगडले. मग रक्तवाहिन्या सैल करणारे, मुळात रक्तदाबासाठी असलेले प्राझोसिन त्यांनी वापरून पाहिले. १९८२ आणि १९८६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने त्यांचे लेखन छापले. गंभीर दंशाच्या रुग्णांपैकी शंभरात तीस-चाळीस दगावत, ते प्रमाण एकाच्या आसपास आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एका खेडेगावच्या दवाखान्यातला प्रश्न, तिथेच केलेले संशोधन आणि तिथेच मिळालेले उत्तर. आणि त्याच कोकणात, इतक्या वर्षांनी, ती गोळी माझ्या कपाटात नव्हती.

संशोधन कमी पडले नव्हते. कमी पडली ती गोळी पोचवण्याची व्यवस्था. गंमत म्हणून नाही, कळकळीने सांगतो की तिचेही उत्तर एक विद्यार्थिनी आमच्याच स्टोअरमध्ये बसून काढून गेली होती.

ती हॉस्पिटल मॅनेजमेंट शिकत होती. ओआरएसच्या खोक्यावर बसून तिने चार दिवस माझी बिन कार्डे उतरवून घेतली. पाचव्या दिवशी माझ्या वहीत पट्टीने एक तक्ता आखला. आडव्या बाजूला ए, बी, सी : वर्षाच्या खर्चाप्रमाणे औषधांची उतरती यादी. वरची मोजकी औषधे बहुतेक पैसा खातात ती ए, आणि शेवटची ढीगभर औषधे मिळून किरकोळ खर्चाची, ती सी. कारखान्यांच्या गोदामांसाठी ही रीत निघाली. उभ्या बाजूला तिने व्ही, ई, डी लिहिले : जीव वाचवणारे, आवश्यक, आणि असले तर बरे. मग एकेक औषध घरात टाकत गेली. प्राझोसिन, ॲड्रेनालिन, मॅग्नेशियम सल्फेट, ॲट्रोपिन ही सगळी एकाच घरात पडली : खर्चात सी, गरजेत व्ही. तिने त्या घराभोवती लाल पेनाने चौकट काढली आणि म्हणाली, “काका, सगळे ए कडे बघतात. माणूस मरतो तो या घरामुळे.”

हे वाक्य मी नोकरीभर विसरलो नाही. वरच्या आढाव्यात साहेब विचारतात ते महागड्या औषधांचे. ते बरोबरच आहे, पैसा जनतेचा आहे. पण स्वस्त आणि जीवरक्षक औषध संपले तर हिशेबात ते दिसतही नाही, कारण त्याची रक्कमच नगण्य. विंचवाची रात्र झाली त्यानंतर मी ती वही पुन्हा काढली आणि लाल चौकटीतल्या औषधांची शिल्लक दर सोमवारी स्वतः मोजू लागलो. त्यानंतर माझ्या कपाटात त्यातले एकही औषध शून्यावर गेले नाही. हा शोध माझा नाही. तिचा प्रबंध पुढे कुठल्या कपाटात गेला, मला माहीत नाही. तो शेजारच्या केंद्रात पोचला असता तर तिथल्या फार्मासिस्टलाही एका मुलाचे गार हात धरून ती गोष्ट शिकावी लागली नसती.

तामिळनाडूने १९९४ साली औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढले, जिल्ह्याजिल्ह्यात गोदामे बांधली आणि प्रत्येक दवाखान्याला औषधांच्या उचलीची नोंद ठेवणारे पासबुक दिले. आपणही २०२३ मध्ये वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा केला आहे. त्या प्राधिकरणाच्या संगणकाच्या पडद्यावर लाल चौकटीतल्या औषधांचा वेगळा रकाना असावा, एवढी माझी पहिली मागणी आहे.

दुसरी मागणी मोठी आहे आणि ती तुमच्या एका खात्याच्या हातात नाही. आमचे केंद्र जिल्हा परिषदेचे, म्हणजे सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. एमडीचा प्रबंध वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे. एमबीए आणि अभियांत्रिकीची मुले उच्च व तंत्रशिक्षणाकडे. रुग्ण मात्र एकच असतो आणि तो आमच्या बाकावर बसलेला असतो. या तीन खात्यांनी एकत्र बसून दोन गोष्टी ठरवाव्यात. जिल्ह्यातल्या केंद्रांनी दर वर्षी आपल्या अडचणी लिहून द्याव्यात आणि ती यादी विद्यार्थ्यांपुढे ठेवावी, ज्याला हवा त्याने त्यातला विषय घ्यावा. आणि ज्या केंद्रातून माहिती घेतली, तिथे येऊन एक पानी मराठीत निष्कर्ष वाचून दाखवल्याशिवाय प्रबंध पूर्ण झाला असे धरू नये. वैद्यकीय अधिकाऱ्याची त्यावर सही असावी. याला खर्च एसटीच्या तिकिटाएवढा.

सगळे संशोधन असे कामापुरतेच असावे, असे माझे म्हणणे नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाने १९०९ साली एक्स्चेंजवर येणाऱ्या फोनचे गणित मांडले, तेव्हा त्याच्या डोक्यात दवाखाना नव्हता. पण आज रांगांचे जे शास्त्र आहे ते तिथून सुरू झाले आणि ते आमच्या केसपेपरच्या खिडकीला तंतोतंत लागू पडते. आमच्याकडे साडेनऊची एसटी आली की चाळीस-पन्नास माणसे एकदम उतरायची. अकरानंतर बाक रिकामे. दिवसभराची सरासरी काढली तर एक खिडकी पुरेशी दिसते, आणि तरी म्हातारी माणसे दीड-दीड तास उभी. लोक किती येतात यापेक्षा एकदम किती येतात, यावर रांग ठरते. दुसरी खिडकी मागण्याआधी एसटीच्या आगारप्रमुखांशी बोलायला हवे होते, हे आम्हाला फार उशिरा सुचले.

आणि प्रश्न लोकांकडून घेतला की काय होते, ते गडचिरोलीने दाखवले आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. नवजात बाळे घरीच जन्मतात आणि घरीच दगावतात, दवाखाना दूर, मग उपचारच घरी का जाऊ नये? गावातल्याच बाईला बाळाचे वजन करायला, ऊब द्यायला, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवले. ३९ गावांत हे केले, ४७ गावे तुलनेसाठी ठेवली, प्रत्येक जन्ममृत्यूची नोंद ठेवली. १९९९ साली निष्कर्ष छापून आले : तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. २०११ पासून देशभरातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी ज्या भेटी देतात, त्याचे मूळ तिथे आहे. आमच्या आशाताईंना मी हे सांगितले तेव्हा त्यातली एक म्हणाली, “म्हणजे हा वजनकाटा आपल्याच राज्यातनं आलाय व्हय?” त्या दिवसापासून ती काटा फडक्यात गुंडाळून न्यायला लागली.

यादीची सुरुवात म्हणून आमच्याकडचे तीन प्रश्न आजच देतो.

पहिला सापाचा. २००० ते २०१९ या काळात देशात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे सर्पदंशाने गेली, असा अंदाज शास्त्रज्ञांनी काढला आहे. आमच्याकडे पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते, खूणही दिसत नाही, पहाटे पोटात दुखते म्हणून त्याला आणतात आणि तोवर पापण्या मिटायला लागलेल्या असतात. प्रतिविष कोणकोणत्या केंद्रांत ठेवले म्हणजे शेवटच्या धनगरवाड्यापासूनही तासाभरात गाठता येईल? हा भूगोलाच्या आणि व्यवस्थापनाच्या मुलांचा विषय आहे. नकाशा, रस्ते आणि कोणता साकव कधी पाण्याखाली जातो, हे आमचे वाहनचालक सांगतील.

दुसरा लशींचा. दोन ते आठ अंशांत लस ठेवायची असते. जुलैत वीज दोन-दोन दिवस जाते. आयएलआर, म्हणजे लशींचा बर्फाच्या अस्तराचा फ्रीज, किती तास तग धरतो आणि कितव्या तासाला लशी हलवायच्या, हे अभियांत्रिकीच्या एखाद्या गटाने एक पावसाळा आमच्याकडे राहून मोजावे.

तिसरा गोळ्यांचा. रक्तदाबाची माणसे महिन्याच्या गोळ्या नेतात आणि तिसऱ्या महिन्यापासून येत नाहीत. का, हे आम्ही विचारले की ती आम्हाला बरे वाटेल असे उत्तर देतात. समाजकार्याच्या मुलांना ती खरे सांगतील.

ती लाल चौकटीची वही माझ्याजवळ आहे. पाने पिवळी पडली आहेत, तक्ता स्पष्ट वाचता येतो. आपण बोलावाल त्या दिवशी ती घेऊन मुंबईला येईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त औषध निर्माण अधिकारी