मनगट धरू दिलंत, त्याबद्दल

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम चारचौघांत लिहितेय. समोर बसून आभार मानायला गेले की तुम्ही "असू दे गं" म्हणून दुसरंच काहीतरी काढता. इथे ते जमणार नाही तुम्हाला.

एका शब्दापायी कोणी एवढं लिहितं का, असं वाचणाऱ्यांना वाटेल. वाटू दे. शब्द इंग्रजी, 'रेंच'. हातातल्या अनुवादात तो मला दोनदा आडवा आला. सुरुवातीला नायिकेचा हात कोणीतरी धरून ठेवतं आणि ती तो 'रेंच' करून सोडवते. मग शेवटाकडे ती घर सोडते आणि तिथे लेखिका एवढंच म्हणते की जाणं हा एक 'रेंच' होता. पहिल्या जागी मी 'तिने हात खेचून घेतला' असं लिहिलं होतं. दुसरी जागा कोरीच होती.

शाळेत आम्हाला 'रेंच म्हणजे पाना' एवढं सांगून पान उलटलं गेलं होतं. त्याच बळावर एका भाषांतराच्या यंत्राने मला 'घर सोडणे हा एक पाना होता' असं वाक्य काढून दिलं. पहिल्यांदा खूप हसले. तिसऱ्या दिवशीही जागा कोरीच आहे हे बघितल्यावर हसू आलं नाही.

ज्यांचं हे कामच आहे, त्यांनाही विचारलं होतं. एका जाणकारांनी "संदर्भाने घ्यायचं" असं सांगितलं. संदर्भाने घ्यायचं हे मलाही कळतं हो, पण काय घ्यायचं? संपादकांनी 'खेचून'भोवती लाल गोल केला होता. फोन केला तर म्हणाले, "ओढणे, ताणणे, काहीही चालेल, पण हे नको." 'काहीही चालेल, पण हे नको' याचा अर्थ मला अजून मराठीतही लागलेला नाही.

तुमच्याकडे आले तेव्हा माझ्याकडे समानार्थी शब्दांची एक यादी होती. पुल, टग, यँक, जर्क, हॉल, ड्रॅग, रेस्ट, रेंच. आणि प्रत्येकापुढे माझ्याच अक्षरात 'खेचणे, ओढणे'. आठ शब्द आणि उत्तर एकच. तुम्ही ती यादी वाचलीत, चष्मा काढून ठेवलात, बाही वर सारलीत आणि म्हणालात, "धर माझं मनगट. घट्ट धर."

मी कचरले. सत्तरी ओलांडलेल्या बाईचं मनगट, त्यात केवढंसं ते. "घट्ट म्हणजे घट्ट," तुम्ही दटावलंत. मग हात सरळ मागे घेतलात. सुटला नाही. "हे पुल. नुसतं ओढणं." मग लहान लहान हिसके दिलेत, एकामागून एक. "हे टग. समोरचं जागचं हललं नाही तरी चालतं, ओढ देत राहायचं. म्हणून तर रस्सीखेचीला टग ऑफ वॉर म्हणतात." (रस्सीखेच १९०० ते १९२० पर्यंत ऑलिंपिकमध्ये होती, हेही जाता जाता सांगून टाकलंत. तुम्हाला राहवत नाही.) मग एकदम खसकन. माझा खांदा हलला. "हे यँक."

आणि मग तुम्ही हात मागे घेतलाच नाही. मनगट माझ्या अंगठ्याच्या बाजूला वळवलंत, कारण पकड तिथेच कच्ची असते, आणि त्याच झोकात बाहेर काढलंत. माझी मूठ रिकामी.

"कळलं? ओढण्याआधी पीळ आहे."

ताई, तो क्षण मी आठवडाभर हातात घेऊन फिरतेय. 'रेंच'चं मूळ जुन्या इंग्रजीतलं आहे, तिथे त्याचा अर्थच पिळणं, वळवणं असा होता, ओढणं नंतर आलं, हे तुम्ही मागाहून सांगितलंत. पण ते माझ्या तळव्याला आधी कळलं होतं. नट फिरवणारा पाना, मुरगळलेला घोटा, पिरगाळून सोडवलेला हात आणि निरोपाची कळ ही सगळी एकाच शब्दात का राहतात, ते एका मनगटाने दाखवलं.

आणि मग तो मुका डब्ल्यू! 'रेंच'च्या सुरुवातीला लिहायचा पण बोलायचा नाही, तो. शाळेत त्याच्यापायी किती गुण गेले असतील माझे. तुम्ही कागदावर नुसत्या शब्दांची रांग मांडलीत. रिंग म्हणजे कपडे पिळतात ते. राइद म्हणजे वेदनेने अंग पिळवटणं. राय म्हणजे तोंड वाकडं करणं. राँगसुद्धा, चूक, मूळचं वाकडं. रेस्ट म्हणजे हिसकावून घेणं, आणि त्याच्यातूनच रेसल, कुस्ती. ही सगळी वळणाची, पिळाची मंडळी, आणि सगळ्यांच्या दारात तोच मुका डब्ल्यू. शेवटी तुम्ही 'रिस्ट' लिहिलंत, मनगट, म्हणजे वळणारा सांधा. लिहून झाल्यावर माझ्याकडे बघितलंत आणि हसलात. म्हणजे मनगटच पुढे केलंत ते उगाच नव्हतं!

उरलेले शब्द पटापट उरकलेत. ड्रॅगमध्ये ओढलं जाणारं जमिनीला घासतं आणि बहुतेकदा यायला तयार नसतं, आपलं 'फरफटत नेणं'. हॉलमध्ये ओझं जड असतं आणि दम लागतो. इंग्रजी माणूस ओढण्याची तऱ्हा क्रियापदातच भरतो, आपण क्रियापद साधं ठेवून शेजारी खसकन, सुळकन, फरफटत बसवतो, हे तुमचं वाक्य मी भिंतीवर लावलंय. खरं तर ते कोशाच्या पहिल्या पानावर हवं.

तुम्ही मला कसलंही देणं लागत नव्हता. ओळख ती केवढी, दुसऱ्याच्या ओळखीने झालेली. ज्ञान पुष्कळांकडे असतं, पण विचारणाऱ्याला लहान न करता ते देणारे फार थोडे भेटतात. बाकीच्यांनी मला माझं अज्ञान परत केलं, वर लाल गोल करून. तुम्ही स्वतःचा हात दिलात. निघताना बघितलं तर मनगटावर माझ्या चार बोटांचे वळ होते. मी सॉरी म्हणाले तर तुम्ही बाही खाली ओढलीत. (पुल. साधं ओढणं.)

पहिलं वाक्य आता असं आहे: 'तिने मनगट पिरगाळून हात सोडवला.' लाल गोल आला नाही. दुसऱ्याचं उत्तर तुम्ही मुद्दाम दिलं नाहीत, "ते तुझं तू शोध" म्हणालात. 'काळीज पिळवटलं' लिहून बघितलं. पीळ बरोबर बसला, पण ही बाई रडणारी नाही, ती कुलूप लावून किल्ली शेजारी देते आणि चालू लागते. म्हणून काल रात्री लिहिलं, 'कुलूप लावताना आत काहीतरी पिरगळलं.' दोन्हीकडे एकच क्रियापद आलं, मूळ पुस्तकात आहे तसं.

चालेल का, ते कळवा. आणि वळ गेले का, तेही.

तुमची,
घट्ट धरायला घाबरणारी