शेवटच्या नंबरासाठी थांबणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणारही नाही. लालबाग-परळकडची अनुदानित मराठी शाळा, सातवीच्या वर्गशिक्षिका, एवढं पुरे. दिवाळीच्या सुट्टीनंतर तुमच्या वर्गात आलेल्या मुलीची मी मावशी. पेशाने शालेय समुपदेशक आहे, त्यामुळे तुम्ही नेमकं काय केलंत ते मला जरा जास्त दिसलं. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितेय. परवा ती घरी आली ती तणतणतच. वर्गातल्या कुणाशी तरी पट्टीवरून कडाक्याचं भांडण झालं होतं. तिची आई वैतागली, मला मात्र भरून आलं. नव्या मुलीशी कुणी भांडत नाही हो बाई. भांडायलाही आपलं माणूस लागतं.

मुख्य गोष्ट आधी सांगते. वर्षाच्या मध्यात आलेल्या मुलाचं नाव हजेरीच्या कॅटलॉगमध्ये सगळ्यात खाली चढतं. आडनाव आपटे असो नाहीतर क्षीरसागर, नंबर शेवटचाच. पन्नासेक मुलांच्या हजेरीला तीन-चार मिनिटं जातात. पहिले वीसेक नंबर वर्ग गप्प असतो, मग कुजबुज सुरू होते, चाळिशी ओलांडली की बाक सरकतात, दप्तरांच्या चेनी उघडतात. शेवटच्या नंबरापर्यंत शिक्षकांचा हात खडूकडे गेलेला असतो. त्यात नव्या मुलाचा आवाज आधीच बारीक. 'हजर' कुणालाच ऐकू येत नाही. मग एकतर मान वर न करता खूण होते, नाहीतर गैरहजेरी लागते. मुंबईतल्या तिच्या आधीच्या शाळेत ती काही दिवस वर्गात बसलेली असताना चक्क गैरहजर लागली होती.

तुम्ही तिच्या नंबरापाशी आल्यावर पेन खाली ठेवलंत. मान वर केलीत. वर्गाचा आवाज आपोआप बसेपर्यंत थांबलात, मग आडनावासकट पूर्ण नाव घेतलंत, आणि तिच्याकडे बघत तिचं 'हजर बाई' ऐकलंत. मगच खूण केलीत. कुणाला ओरडला नाहीत, 'नवीन मुलगी आहे, शांत बसा' असंही म्हणाला नाहीत. चार-पाच सेकंदांचं काम. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. बाई शेवटी थांबतात हे कळल्यावर आठवड्याभरात वर्ग आधीच गप्प व्हायला लागला, असं तीच सांगते. आणि त्या शांततेत अख्ख्या वर्गाच्या कानावर रोज तिचं नाव पडत गेलं. मुलं 'ए नवीन' म्हणून हाक मारतात त्यात दरवेळी खोडसाळपणा नसतो. त्यांना नाव माहीत नसतं, आणि पहिला आठवडा उलटला की विचारायची लाज वाटते. आधीच्या शाळेत ही जूनमध्ये आली आणि ऑक्टोबर संपेपर्यंत 'नवीन'च राहिली.

त्या शाळेबद्दल फार लिहीत नाही, पण थोडं लिहिणारच. पहिल्याच दिवशी तिला फळ्यासमोर उभं करून 'ओळख करून दे' म्हणाले. सगळीकडे हेच करतात आणि स्वागत केल्याच्या थाटात करतात. पन्नास मुलं त्या दोन मिनिटांत बूट बघतात, दप्तर बघतात आणि बोलण्याचा हेल पकडतात. मूल घाबरून जे काही पुटपुटेल, त्यातूनच त्याचं टोपणनाव तयार होतं. ही अकोल्याची. वऱ्हाडी हेल आला, वर्ग हसला, शिक्षकही हसले आणि 'पुन्हा म्हण बरं' म्हणाले. पुढे महिनाभराने त्याच वर्गात तिची वही उंच धरून 'बघा, नवीन असून किती नीटनेटकी' झालं. याने तर उरलीसुरली वाट लागते, कारण जिच्याशी तुलना झाली ती मुलगी आणि तिच्या मैत्रिणी कायमच्या दुरावतात. शाळा सोडताना दाखल्यासाठी जे हेलपाटे घालावे लागले त्यांत शिरत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा आहे. दाखला उशिरा मिळाला म्हणून बदलीचा प्रवेश अडवता येत नाही आणि दाखला अडकवून ठेवणाऱ्या मुख्याध्यापकावर कारवाई होऊ शकते, असं त्याचं पाचवं कलम सांगतं. तुमच्या ऑफिसला ते माहीत होतं. त्यांचेही आभार.

तुम्ही तिला ओळख करून द्यायला लावलीच नाहीत. नुसतं तिसऱ्या बाकावर नेऊन बसवलंत. शेजारीण निवडतानाची तुमची नजर मला फार आवडली. एरवी वर्गातल्या हुशार मुलीशेजारी बसवतात. ती नव्या मुलीला दिलेलं काम समजून सांभाळते आणि काम झालं की मोकळी होते. सगळ्यांच्या लाडकीशेजारी बसवावं तर तिचा चौघींचा कंपू आधीच ठरलेला, त्यात पाचवीला जागा नसते. तुम्ही बडबडी मुलगी निवडलीत आणि तीही अशी, की जिची जिवलग मैत्रीण यंदा दुसऱ्या तुकडीत गेलीय. म्हणजे गरज दोघींना होती. शिवाय मधल्या सुट्टीसाठी वेगळ्या मुलीला सांगून ठेवलंत, हे आम्हाला फार उशिरा कळलं. एकाच मुलीवर सगळा भार टाकला की ती पंधरा दिवसांत कंटाळते आणि तिला अपराधी वाटू नये म्हणून नवीच मुलगी बाजूला होते. हे मी कितीतरी वर्गांत पाहिलंय.

आता तुम्ही तिला दिलेली ती चिठ्ठी. वहीच्या अर्ध्या पानावर, डायरीत छापलेलं नसतं तेवढंच: पी.टी.चा पांढरा पोशाख कोणत्या वारी, शनिवारची शाळा किती वाजता, भूमितीची वही वेगळी की गणिताच्याच मागच्या पानांवर, पिण्याच्या पाण्याचा कुठला नळ चालू असतो, आणि 'मुलींच्या बाथरूमची दुसरी कडी लागत नाही, तिसऱ्यात जा'. बाई, या शेवटच्या ओळीसाठी तुम्हाला साष्टांग नमस्कार. नव्या मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. कडी मोडकी असली की बाहेर दार धरायला मैत्रीण लागते, ती नसते, म्हणून लघवीला जायचंच नाही, म्हणून पाणीच प्यायचं नाही. संध्याकाळी डोकं दुखतं आणि घरचे म्हणतात अभ्यासाचा ताण. भरलेली बाटली घरी परत येत असेल तर गृहपाठाआधी तिची चौकशी करावी.

डब्याचंही तसंच. मधली सुट्टी वीस-पंचवीस मिनिटांची, त्यातली पहिली दहा मिनिटं खरी अवघड. प्रत्येक कंपूची जागा ठरलेली असते, कुणाचा जिना, कुणाचा खिडकीखालचा कट्टा. नव्या मुलाला कुठे बसायचं कळत नाही, मग ते नळावर हात धूत उभं राहतं, नाहीतर डबा तसाच घरी येतो. 'हिला घ्या गं तुमच्यात' म्हटलं की त्या घेतात, पण दोन दिवस. तुम्ही आठवडाभर सगळ्यांनाच आपापल्या रांगेत बसून डबा खायला लावलंत आणि कारण सांगितलंत वर्गातल्या खरकट्याचं. कुणासाठी चाललंय हे तिलाही कळलं नाही. आठवडा संपला, नियम उठला, तरी तिसऱ्या बाकाची रांग एकत्रच बसत राहिली.

पी.टी.च्या सरांनाही निरोप द्या. नव्या मुलाला क्रिकेटमध्ये घेतलं तर बाउंड्रीवर उभं करतात, लंगडी-पकडापकडीत ते लिंबूटिंबू ठरतं, आणि 'मी खेळू?' विचारलं की 'टीम झाल्या' ऐकावं लागतं. सरांनी तिला खो-खोच्या पाटीत बसवलं. खो-खोत पाठलाग करणाऱ्या नऊ जणांतले आठ आलटून-पालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, आणि कुणीतरी मागून येऊन पाठीवर थाप मारून 'खो' दिल्याशिवाय उठता येत नाही. म्हणजे तिला काही विचारावंच लागत नाही, खेळच तिला उठवतो. धावायला ती बरी आहे, हे दुसऱ्याच तासाला सगळ्यांना कळलं. डिसेंबरच्या गॅदरिंगमध्ये नाचाच्या जोड्या आधीच लागल्या होत्या. तिला ओढूनताणून शेवटच्या रांगेत कोंबण्याऐवजी दोन मुलींबरोबर पडद्याच्या दोरीवर ठेवलंत. पडदा ओढणारे तिघं नाटकाची पूर्ण तालीम एकत्र बघतात, एकत्र बोलणी खातात. त्यातलीच एक मुलगी पट्टीच्या भांडणातली.

एका बाबतीत मात्र तुम्ही मलाही मागे टाकलंत. पहिला आठवडा फसवा असतो हे आम्ही पालकांना सांगत असतो. तेव्हा सगळे भोवती जमतात, कुठून आलीस, कुठे राहतेस. आठ-दहा दिवसांत नवलाई ओसरते आणि तिसऱ्या आठवड्यात मूल खरं एकटं पडतं. रविवारी रात्री पोट दुखायला लागतं, सोमवारी शाळा बुडाली की अकरा वाजेपर्यंत बरं वाटतं. बहुतेक शाळांचं लक्ष तोवर उडालेलं असतं. तुम्ही बरोबर त्याच आठवड्यात तिला थांबवून विचारलंत, तेही 'मैत्रिणी झाल्या का?' असं नाही, कारण त्याला मुलं 'हो' एवढंच म्हणतात. 'घरी जाताना कुणाबरोबर असतेस?' असं विचारलंत. एकटी जाते म्हटल्यावर भारतमाता सिनेमाकडे जाणाऱ्या घोळक्यातल्या दोघींना कॅटलॉग ऑफिसात न्यायला हिच्याबरोबर पाठवायला लागलात. शाळा सुटल्यावरची ती दहा-बारा मिनिटं तिघी आता अर्ध्या तासाच्या करतात, ही नवी तक्रार घरी आहे. असू दे.

चांगली माणसं सगळीकडे असतात म्हणतात. असतीलही. पण ज्याला मदत करतोय त्याला ती कळू न देण्याइतकी सभ्यता कमी जणांकडे असते, आणि ती कुठल्याच प्रशिक्षणात शिकवत नाहीत. आमच्या प्रशिक्षणातही नव्हती.

एक विनंती. ती चिठ्ठी ऑफिसात नव्या प्रवेशाच्या कागदांसोबत ठेवता आली तर बघा, जूनमध्ये येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पडेल. तिला विचारून दोन ओळी वाढवल्या आहेत: जोराच्या पावसात कुठल्या गेटसमोर पाणी भरतं, आणि पावसाची सुट्टी जाहीर झाली की निरोप कुठल्या ग्रुपवर येतो, कारण नव्या पालकांना त्या ग्रुपवर घ्यायचं नेहमीच राहून जातं. कडीची ओळ तेवढी कडी दुरुस्त होईपर्यंत खोडू नका.

कळावे,
तुमच्या वर्गातल्या शेवटच्या नंबराची मावशी